या आठवड्याचा घटक : वजन

चोपड्याहून सातपुड्याच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तिसरीचा वर्ग माझ्याकडे. दर शनिवारी पालकांच्या ग्रुपवर 'या आठवड्यात आपली मुले काय शिकली' असं लिहून टाकायचं, सोबत फोटो नाहीतर व्हिडिओ, असा वरचा आदेश आहे. बाकीचे शिक्षक दोन ओळी खरडतात आणि मोकळे होतात. मी तसली नाही. माझ्या पोस्ट लोक बघतात, पुढे पाठवतात, आणि ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा लागली होती. त्या आठवड्याचा घटक होता वजन. ग्रॅम, किलो, जड, हलकं. पुस्तकात तराजूचं रंगीत चित्र आहे. चित्र बघून वजन कळत असतं तर जिलबीचं चित्र बघून पोटही भरलं असतं. मी मुलांना सांगितलं, गुरुवारी घरून वस्तू आणा. ज्यावर वजन छापलेलं असतं अशा कुठल्याही. आणि कोणाच्या घरी खरी लोखंडी वजनं असतील तर तीही आणा.

गुरुवारी माझं टेबल भरून गेलं. साबणाच्या वड्या, चहाच्या पुड्या, अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा, एक किलोची न फोडलेली मिठाची पिशवी. तराजू आला तो आबांकडून. आबा म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावात सर्वांत जास्त जमीन त्यांची, केळी आणि कापूस. शाळेतला टीव्ही त्यांनीच दिलेला, त्यावर त्यांचं नाव टीव्हीपेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. त्यांचा नातू माझ्या वर्गात. त्यांच्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने, मोटारसायकलवर तराजू आणला, एक किलोचं आणि दोन किलोचं वजन आणलं, आणि नातू मागे नवरदेवासारखा ताठ बसून आला.

दुसरं वजन आणलं एका मुलीने. तिचा बाप गावात भाजी विकायचा. पहाटे चोपड्याच्या मार्केटमधून माल उचलायचा, रोज चौकात बसायचा आणि शुक्रवारी आठवडे बाजारात. एक दिवस अर्ध्या किलोच्या दोन वजनांवर भागवतो म्हणून त्याने किलोचं वजन पोरीला दिलं होतं. तिने ते दप्तरात टाकून आणलं. दप्तराच्या पट्ट्याने खांदा लाल झालेला, पण टेबलावर ठेवताना तिचा चेहरा असा होता की जणू घरचा सोन्याचा डाग आणलाय.

गणितात ती वर्गात पहिली होती. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं. कुठल्याही शिक्षकाला विचारा, हुशार मूल आवडतं म्हणूनच सांगेल. हुशार मूल आपल्या मागे चालतं तोवर आवडतं. पुढे चालायला लागलं की त्याचे पाय दुखेपर्यंत त्याला उभं करावंसं वाटतं. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मी तिला फक्त 'आगाऊ' म्हणायचे.

मी फोन खिडकीत टेकवून व्हिडिओ चालू केला. एका पारड्यात आबांचं किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात भाजीवाल्याचं. मुलांना विचारलं, "काय होईल?" सगळी ओरडली, "सारखं!" मी काटा उचलला. आबांचं पारडं खाली गेलं आणि भाजीवाल्याचं वर राहिलं. 

खरं सांगते, मला आनंद झाला. पुस्तकात नसलेली गोष्ट माझ्या वर्गात घडत होती आणि फोन चालू होता. गणितपेटीतली पन्नास ग्रॅमची दोन छोटी वजनं मी भाजीवाल्याच्या पारड्यात टाकली. पारडी बरोबर झाली.

"म्हणजे या वजनात किती कमी?"

"शंभर ग्रॅऽऽम!"

तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मिठानी पिशवी ठेवी देखू का? तीबी किलोनी शे."

आज मला वाटतं, आठ वर्षांच्या त्या पोरीने अख्ख्या खोलीत एकटीने विचार केला होता. दोन वजनं जुळत नाहीत तर खरं कोणतं हे तिसऱ्याला विचारावं, एवढी साधी अक्कल. डी.एड.ला मी पहिल्या वर्गात पास झालेली बाई, माझ्या डोक्यात ते आलं नाही. मिठाची पिशवी माझ्या कोपराला लागत होती. पण व्हिडिओ चालू होता आणि मला मध्ये कोणी बोललेलं खपत नाही.

"शहाणपणा नको. बस खाली. वजन कमी भरलं की सगळेच कारणं शोधतात," मी म्हणाले.

मुलं हसली. आबांचा नातू सर्वांत मोठ्याने हसला. मी पुढे विचारत गेले. एका किलोला शंभर, तर दोन किलोला? दोनशे. पाच किलोला? पाचशे. एका सुरात, आरती म्हणावी तशी. मग मी तिलाच उभं केलं. "तू सांग. तुझ्या वडिलांनी दहा किलो वांगी विकली, तर लोकांना किती कमी मिळाली?"

ती म्हणाली, "हजार ग्रॅम. एक किलो." उत्तर चुकवणं तिला जमतच नव्हतं. 

शनिवारपर्यंत थांबायला मला दम कुठला? मधल्या सुट्टीतच व्हिडिओ ग्रुपवर टाकला. वर लिहिलं : 'या आठवड्यात तिसरीची मुले वजन शिकली. कृतीतून शिक्षण. चिमुकल्यांनी मापात पाप ओळखले!' पुढे टाळ्यांची आणि हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं. शाळा सुटेपर्यंत व्हिडिओ गावभर झाला होता. ती मुलगी वजन टेबलावर तसंच टाकून पळाली. तराजू आणि आबांची वजनंही वर्गातच राहिली, सालदाराला केळीचा माल भरायचा होता म्हणून तो न्यायला आला नाही.

शुक्रवारी ती आली नाही. संध्याकाळी स्कूटीवरून चोपड्याला माझ्या खोलीवर परत निघाले तर बाजारातून जावं लागलं. भाजीवाला नेहमीच्या जागी बसलेला, पुढे मेथी, वांगी, हिरव्या मिरच्यांचा ढीग, जसा सकाळी मांडला तसाच. गिऱ्हाईक नव्हतं. बायका चार पावलांवर थांबून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. एक म्हातारी त्याला मोठ्याने म्हणाली, "पाच किलोले कितला रे भाऊ?" आणि बाकीच्यांनी माझ्या वर्गातल्या पोरांच्या चालीवर सूर लावला, "पाचशेऽऽ!" एका तरण्या पोराने त्याच्या तराजूच्या पारड्यात खडा टाकला आणि म्हणाला, हे घे, तेवढी भर. भाजीवाला खडा उचलून बाजूला ठेवत होता आणि मान वर करत नव्हता.

मला वाईट वाटलं का? नाही. मला वाटलं, बरं झालं. मी धुळ्याची. माझ्या आईने आयुष्यभर भाजीवाल्यांशी पावशेरासाठी भांडण केलेलं. भाजीवाले वजनात मारतातच, हे आमच्या घरात सूर्य उगवतो इतकं पक्कं होतं. मी स्कूटी न थांबवता निघून आले.

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला मुलं गेली आणि मी पर्स उचलली, मला दुपारची धुळ्याची बस गाठायची होती. नवरा, सासूबाई धुळ्यात असतात, मी शनिवार-रविवारची पाहुणी. दारात भाजीवाला उभा. पोरीचा हात धरलेला.

"मॅडम, मनं वजन खोटं नही शे," तो म्हणाला. "खालून देखा, शिक्का शे. सारं गाव हासी रायनं. एकदाव तुम्हीच देखी ल्या."

तो भांडायला आला असता तर मी भांडले असते, मला ते येतं. पण तो हात जोडून उभा होता. मी चिडून म्हणाले, "भाऊ, तीस पोरांनी डोळ्यांनी पाहिलं."  पोरगी माझ्या टेबलाकडे बघत होती. मिठाची पिशवी अजून तिथेच होती. कोणाची होती कोण जाणे, कोणी परत नेली नव्हती.

म्हटलं, याचं तोंड एकदाचं बंद करू आणि बस गाठू. मी पिशवी पारड्यात ठेवली, समोर त्याचं वजन ठेवलं, काटा उचलला. पारडी जराशी डुलली आणि सारखी थांबली. मी पिशवी आणि वजन पारड्यांत उलटसुलट करून पाहिलं. सारखीच. मग त्याचं काढून आबांचं ठेवलं. आबांचं पारडं खाली गेलं. मिठाच्या बाजूला मी पन्नास-पन्नासची दोन वजनं टाकली तेव्हा कुठे ते जुळलं.

दोन किलोच्या वजनासमोर पिशवी आणि भाजीवाल्याचं वजन दोन्ही ठेवली, तर वर दोनशे टाकावे लागले. भाजीवाल्याने तिन्ही वजनं उलटी करून मला दाखवली. त्याच्या वजनाच्या बुडाला शिशाचा ठिपका आणि त्यावर सरकारी शिक्का. आबांच्या वजनांच्या बुडाचा खड्डा शिशाने काठोकाठ भरलेला, शिक्का कुठेच नाही. मला तोवर एवढंच माहीत होतं की लबाडी करायची तर वजन हलकं करतात. पण ते विकणाऱ्याने. ज्याला दुसऱ्याकडून माल मोजून घ्यायचा असतो तो वजन जड करतो, हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आबा काही विकत नव्हते या वजनांनी. घेत होते.

"तिनी माय आबाना वावरमा कापूस वेचाले जास," भाजीवाला हळूच म्हणाला. वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर प्रत्येकीचं गाठोडं थोडं थोडं करून याच तराजूत, याच वजनांनी मोजलं जायचं. ते बोलून त्याने मागे दाराकडे पाहिलं, जणू आपण भलतंच बोललो. पोरगी मात्र एकदा वजनाकडे, एकदा बापाकडे बघत होती, ओठ हलत होते. काहीतरी मोजत होती.

 चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तीही टाळ्यांच्या गजरात. मी त्याला म्हणाले, "भाऊ, माझं चुकलं. सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर सांगते. ग्रुपवरही टाकते. पोरीला पाठवा."

"येता बाजारना आधी सांगी द्या, मॅडम," तो म्हणाला. "तेवढं करा." त्याने आपलं वजन धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पोरीच्या दप्तरात ठेवलं. पोरगी माझ्याकडे बघून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

हे सगळं मी शेजारच्या खोलीत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मॅडम, जुनं लोखंड असतं. गंज चढतो. गंजाने जड होत असेल." मी म्हटलं, सर, गंजाने शंभर ग्रॅम? ते म्हणाले, "मला निवृत्तीला चौदा महिने आहेत. तुम्हाला इथे अजून बरीच वर्षं काढायचीत. बघा बुवा." आणि हजेरीपटात डोकं घातलं.

मी त्यांना मनातल्या मनात भित्रा म्हातारा म्हटलं आणि बस पकडली. अमळनेरपर्यंत मी माफीची पोस्ट फोनवर लिहीत होते. चांगली झाली होती. माफीसुद्धा लोकांनी वाहवा करावी अशी लिहायची मला हौस. तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा मेसेज आला. माझा व्हिडिओ तालुक्याच्या ग्रुपवर गेला होता. गटशिक्षणाधिकारी साहेबांना फार आवडला होता. मंगळवारी चोपड्याला शिक्षण परिषद होती, तिथे सगळ्या शिक्षकांसमोर मी हा उपक्रम सादर करायचा.

माफीची पोस्ट मी पुसली नाही. नुसती पाठवली नाही. मंगळवार होऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगितलं. धुळ्यात रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "गावच्या भानगडीत तू कशाला?" त्याचं बोलणं मला पटलं असं नाही. पण सोयीचं होतं.

सोमवारी ती पोरगी सर्वांत आधी आलेली. डोक्याला तेल, दोन वेण्या, धुतलेला गणवेश, पहिल्या बाकावर मधोमध. मी हजेरी घेतली. मग नवा घटक सुरू केला : लीटर आणि मिलिलीटर. पाण्याच्या बाटल्या, पेले, टमरेल. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मधल्या सुट्टीत आबा स्वतः आले, सालदाराच्या डोक्यावर केळीची पाटी. "काय मॅडम, चोर धरला म्हणे तुम्ही! तुमनासारख्या मॅडम पाहिजेत गावले," म्हणाले आणि प्रत्येक मुलाच्या हातात दोन दोन केळी दिली. तिलाही दिली. तिने खाल्ली. न खाऊन करते काय, आठ वर्षांची पोर ती, सकाळपासून उपाशी असेल. तराजू आणि वजनं घेऊन आबा गेले. मी त्यांना चहा घ्या म्हणाले.

शाळा सुटताना ती टेबलाजवळ आली.

"मॅडम, तुम्ही सांगणार व्हत्या ना?"

"काय?" मी म्हणाले.

ती गोंधळली. माझ्या चेहऱ्यावर तिला काही सापडलं नाही, कारण मी काही ठेवलंच नव्हतं. "कायच नही," ती म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. रागावलेल्या मुलाला समजावता येतं. ती रागावली नव्हती. बापाला घरी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत ती मैदान ओलांडत होती, हे मला खिडकीतून नीट दिसलं.

मंगळवारी चोपड्याच्या सभागृहात मी तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवला. पडद्यावर ती पोरगी उभी राहून म्हणाली, हजार ग्रॅम, एक किलो, आणि दीडशे शिक्षक हसले. एकाने विचारलं, कोणतं वजन बरोबर हे तुम्ही कसं ठरवलं? भला माणूस, कोपऱ्यात बसलेला, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "प्रमाणित वजनाशी तुलना करून." साहेबांनी गुलाबाचं फूल दिलं. पुढच्या शुक्रवारी भाजीवाला आमच्या बाजारात बसला नाही, त्यानंतरही कधी बसला नाही. त्याची जागा कांदे-बटाट्यावाल्याने घेतली.

पण त्याआधी बुधवार आला. मागच्या आठवड्याच्या उदाहरणांच्या वह्या मी तपासत होते. एकेकाने वही आणून दाखवायची, मी लाल पेनाने बरोबर-चूक करायची. तिची पाळी आली. दिलेली पाचही उदाहरणं बरोबर. त्यांच्याखाली सहावं होतं, मी न दिलेलं. मी शिकवलेल्या पद्धतीने, समास सोडून, वळणदार अक्षरात लिहिलेलं :

'माझी आई रोज तीस किलो कापूस वेचते. एका किलोला शंभर ग्रॅम कापूस जास्त घेतात. तर एका दिवसाला किती कापूस जास्त घेतात?'

खाली आडवी मांडणी. तीस गुणिले शंभर. तीन हजार ग्रॅम. म्हणून तीन किलो. उत्तराखाली दोन रेघा.

वर्गात आबांचा नातू होता. ही वही घरोघर जाते, पालकांच्या सह्या होऊन परत येते. कोणी पाहिली, कोणी फोटो काढला, तर पुढचा प्रश्न माझ्याकडेच येणार होता : मॅडम, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? माझ्या घरी टेबलावर गुलाबाचं फूल अजून पाण्यात होतं.

मी त्या उदाहरणावर लाल फुली मारली. बाजूला लिहिलं, 'दिलेलीच उदाहरणे सोडवावीत.'

तिने वही उचलली. शेरा वाचला नाही, मुलं आधी फुलीच बघतात. तिच्या गणितावर तोवर कधी फुली पडली नव्हती.

"मॅडम, चुकनं का?"

"हो," मी म्हणाले.

ती जागेवर गेली. बाकीची मुलं पाण्याच्या बाटल्यांशी खेळत होती. तिने वही उघडली, बोटांवर मोजून ते गणित पुन्हा केलं. उत्तर तीन किलोच आलं. तिने खोडरबराने खोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडलं. शाळा सुटेपर्यंत ती आपली चूक शोधत होती.